ए मायनर पेंटाटोनिक पाठ आहे, पण सोलो पाढ्यांसारखा वाटतो

पाचवाफ्रेट:
दोन वर्षं गिटार वाजवतोय. पाचव्या फ्रेटवरची (पडद्यावरची) ए मायनर पेंटाटोनिक (पाच सुरांची स्केल: ए, सी, डी, ई, जी) डोळे मिटून येते. त्यात ई फ्लॅट घातला की ब्लूज स्केल, तीही पाठ आहे. तरी ए मधला बारा बारचा (चार ठोक्यांचा एक बार) बॅकिंग ट्रॅक, म्हणजे नुसती साथ, लावला की मी वर जातो, खाली येतो, परत वर जातो. सूर एकही चुकत नाही, पण पाढे म्हटल्यासारखं वाटतं. काल रेकॉर्ड करून ऐकलं आणि फार वाईट वाटलं. आता मिक्सोलिडियन ही दुसरी स्केल शिकायला घेऊ, की पेंटाटोनिकचे गिटारवरच्या इतर जागांचे उरलेले चार पॅटर्न आधी पक्के करू?

जुनीतार:
दोन्ही सध्या राहू दे. माझी सहा-सात वर्षं याच वाटेवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतेय, तिकडे तुझा कान नाही. चार बार ए७, दोन डी७, दोन ए७, नवव्याला ई७, दहाव्याला डी७, मग शेवटी परत ए७. (काही ट्रॅकमध्ये दुसऱ्याच बारला डी७ येऊन जाते, ते आधी ऐकून घे.) ए७ मध्ये सी शार्प आहे, तुझ्या स्केलमध्ये मात्र सी. ब्लूजची सगळी गंमत या दोघांच्या घासण्यात आहे.

आता फक्त तिसरी तार घे. ए७ वर पाचव्या फ्रेटचा सी किंचित ओढ, सी शार्पपर्यंत पोचू देऊ नकोस. नाहीतर सरळ सहाव्या फ्रेटवरचा सी शार्पच वाजव. डी७ आली की पाचवा फ्रेट, न ओढता. तोच सी आता डी७ चा सातवा सूर झाला. ई७ ला चौथा फ्रेट, म्हणजे बी, ई चा पंचम. सहा, पाच, चार. ट्रॅक बंद केलास तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते. आठवडाभर एवढंच वाजव.

आणि थांबायला शीक. ब्लूजच्या गाण्यात चार बारांची एक ओळ. त्यातल्या साधारण अर्ध्यात गळा, उरलेल्या जागेत गिटारचं उत्तर. तीच ओळ पुन्हा, मग तिसरी वेगळी. सोलोही तसाच बांध. वाजवताना गुणगुण, श्वास संपला की हातही थांबला पाहिजे. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगचं १९६४ सालचं, शिकागोच्या रीगल थिएटरमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐक. तो गातो तेव्हा त्याची गिटार गप्प असते. गाणं थांबलं की ती बोलते, आणि किती कमी सुरांत बोलते!

शुद्धगंधार:
मी सतार शिकते. ए ला सा धरला तर तुमची मायनर पेंटाटोनिक म्हणजे धानी रागाचे सूर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. मेजर पेंटाटोनिक म्हणजे भूप रागाचे. वर सांगितलेला ओढलेला सी कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला आहे. पेटीवर तो सापडणार नाही, सतारीवर मिंडेत, म्हणजे तार ओढून, सापडतो. तंबोऱ्याचं ॲप ए ला लावून तेवढा एकच सूर शोधत बसा. मला त्यात फार आनंद मिळतो.

लाकडीबॉडी:
गिटार अकूस्टिक आहे का? तिच्या नेहमीच्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते, ओढताना बोटं सोलवटतात.

पाचवाफ्रेट:
नाही, इलेक्ट्रिक आहे, ०१० चा (बारीक तारांचा) सेट.

चार दिवस तिसऱ्या तारेवरच आहे. पाचव्या बारला सहावरून पाचवर आलो तेव्हा अंगावर काटा आला, खरंच. पण ई७ एकच बार असते, तिथे मी चौथ्या फ्रेटवर पोचेपर्यंत डी७ येऊन उभी असते.

जुनीतार:
आठव्या बारच्या चौथ्या ठोक्यालाच चौथ्या फ्रेटवर सरक. सूर कॉर्डच्या आधी पोचला तर चालतो, मागून आला तर कानाला खटकतो. ट्रॅक थोडा हळू लाव आणि रविवारी रेकॉर्डिंग टाक इथे.