कॉलेजच्या लॅबमधले पीसी रात्री रिकामे का ठेवायचे?

खडकवासलाकर:
आमच्या लॅबमध्ये 50 पीसी आहेत, संध्याकाळी 6 नंतर सगळे ढिम्म. आणि पीएचडीची पोरं सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत जॉब, म्हणजे आकडेमोडीची कामं, टाकून बसलीयेत. माझेच बघा, 3000 रन, प्रत्येक 20 मिनिटांचा, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. एका पीसीवर 1000 तास, म्हणजे जवळपास 42 दिवस; 50 पीसींवर 20 तास, दोन रात्रीत काम फत्ते. त्यासाठी एचटीकॉन्डर नावाचं, रिकाम्या पीसींना जॉब वाटून देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 1988 पासून चालू आहे, म्हणजे आपलं सुपरकॉम्प्युटर बनवणारं सी-डॅक सुरू झालं त्याच वर्षी. सुपरकॉम्प्युटर ज्यांना खरंच लागतो त्यांनाच द्या ना.

नळस्टॉप:
पटत नाही. मी लॅब सांभाळते. रात्री मामा मेन स्विच पाडून जातात, विंडोज मधेच अपडेट घेऊन रिस्टार्ट होतं, आणि सकाळी 9 च्या प्रॅक्टिकलला पोरं आली की तुमचे जॉब गेले. वर लाइटबिल कोण भरणार?

खडकवासलाकर:
ताई, कोणी कीबोर्डला हात लावला की जॉब आपोआप बाजूला होतो आणि दुसऱ्या मशीनवर जातो, हे एचटीकॉन्डरचं मुख्य कामच आहे. फार तर 20 मिनिटं वाया. मामांशी मात्र बोलावंच लागेल, ते खरंय.

औंधवाला:
डेटाचं काय पण? माझ्या प्रत्येक जॉबला 5 जीबी इनपुट लागतं, 50 पीसींना 250 जीबी, सर्व्हरची लाइन 100 एमबीपीएसची असेल तर साडेपाच तास नुसती कॉपीच. रात्र संपली! आणि हवामानाचं मॉडेल घ्या, पाषाणला आयआयटीएम या हवामान संस्थेचा अर्का सुपरकॉम्प्युटर आहे ना, तसल्या मॉडेलात प्रत्येक पायरीला नकाशातल्या शेजारच्या चौकटीतले आकडे लागतात, एक नोड, म्हणजे त्यातला एक कॉम्प्युटर, अडकला की सगळे थांबतात. ते लॅबच्या पीसींवर होणे नाही.

खडकवासलाकर:
हवामानाचं मान्य, ते मी मागतच नाहीये. पण आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सारथी क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचा डेटा तपासतात, तिथे सिग्नलचे ढीगभर नमुने एकेक करून ताडायचे असतात, सुटे सुटे. असली कामं आपल्याकडेही भरपूर आहेत आणि माझं इनपुट तर 2 एमबीसुद्धा नाही.

नळस्टॉप:
आणि बिल?

खडकवासलाकर:
पीसीमागे 100 वॅट धरले तर सगळ्या 50 पीसींचे मिळून 10 तासांना 50 युनिट. शुक्रवारी रात्री 5 पीसी लावू द्या, मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर तुमच्यासमोरच घेतो.

नळस्टॉप:
5 चालतील. खिडकीकडची रांग घ्या, तिथे एसी लागत नाही. मामांना मी सांगते.