अनुभव धागा: "आता या वयात कशाला?"

परवा आईला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. तपासत होते तिला आणि प्रश्न मला. "यांना झोप लागते का? चालताना दम लागतो का?" आई समोरच बसलेली, कान तल्लख, जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेली बाई. शेवटी तीच म्हणाली, "डॉक्टर, माझी झोप मला विचारा की!" आजीचंही असंच व्हायचं. तिनं तोंड उघडलं की घरातलं कुणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकायचं. पुरुषाचे केस पिकले की रुबाबदार, बाईचे पिकले की "अगं, काय हा अवतार!" फार राग येतो मला. तुमचे, आईचे, सासूबाईंचे अनुभव लिहा.

पाऊसवेडी: "माझी झोप मला विचारा" 👏👏 काकूंना माझा नमस्कार सांग.

निवांत: केस रंगवणं सोडलं तेव्हा ऑफिसात जो तो विचारायचा, बरं नाही का. ते ठीक. पण नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगच्या यादीत माझं नावच नाही! साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कशाला त्रास." नाव घालायला लावलं. त्रास होतोय का ते मी सांगेन ना.

कुहू: घाईत लिहितेय. सासूबाईंची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, मग अचानक अंगावरून जायला लागलं. घरात एकच पालुपद, वयानं होतं असं. त्यांना स्वतःलाही बोलायचा संकोच. नणंद हट्टानं घेऊन गेली. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहेत. बायांनो, पाळी थांबून वर्ष उलटल्यावर नुसता डाग दिसला तरी दाखवायचं. दर वेळी कॅन्सर नसतो, पण तपासल्याशिवाय कसं कळणार? "वयानं होतं" हे निदान नाही.

पाऊसवेडी: बापरे कुहू. वाचूनच काटा आला. नणंदेला शंभर वर्षं आयुष्य!

भटक्या: वयाचं काय घेऊन बसलात, जपानच्या तामाए वातानाबे २०१२ साली ७३व्या वर्षी एव्हरेस्ट चढल्या. त्याआधी ६३व्या वर्षीही चढल्या होत्या. शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉकना नोबेल मिळालं ते ८१व्या वर्षी.

निवांत: भटक्या, उदाहरणं झकास आहेत. पण शिखर चढली तरच म्हातारीला मान, असं नको ना व्हायला. गुडघे धरून जिना चढणाऱ्या बाईलाही तिचा प्रश्न तिलाच विचारला पाहिजे.

भटक्या: शंभर टक्के मान्य.

सरीवर सर: विषय सोडून विचारते, निवांत, रंग सोडल्यावर मधले महिने कसे काढलेस? अर्धे पांढरे अर्धे काळे. मला तर डाय लावला की कानामागे खाज सुटते आणि पापण्या जड होतात.

निवांत: केस बारीक कापून टाकले, सुटले. पण खाज येतेय तर आधी लावणं थांबव बाई! पुष्कळ डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी दर वेळी वाढत जाऊ शकते. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना.

सरीवर सर: आत्ता खोका बघितला, आहे त्यात पीपीडी. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणतो लग्नकार्य झाल्यावर सोड. नाही, आजच सोडतेय. कापायचे किती बारीक पण? मान दिसेल एवढे?