सोमवारची मीटिंग: शिस्त की छळ?

शिरोलीकर (धागाकर्ता): कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात) मी अकरा वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले. तिथल्या विभागप्रमुखांचा शिरस्ता असा होता की, दर सोमवारी रिजेक्ट झालेले एखादे कास्टिंग, म्हणजे ओतून बनवलेला भाग, टेबलावर ठेवायचे, ते ज्याच्या शिफ्टमध्ये ओतले गेले त्याला सर्वांसमोर उभे करायचे आणि त्याच्या शिक्षणापासून घरच्यांपर्यंत सगळे काढायचे. रविवारी दुपारनंतर माझ्या घशाखाली घास उतरत नसे आणि मी दोन वर्षे पित्ताच्या गोळ्या घेत राहिलो. अशा वागणुकीने मनाला होणारी इजा ही कामावर हात भाजण्याइतकीच खरी इजा आहे, असे माझे ठाम मत आहे.

उद्यमनगरचा कारखानदार: मी असहमत आहे. सुमारे १४०० अंशांवरचा वितळलेल्या लोखंडाचा रस ओतताना साच्यात ओल राहिली, तर तो उसळून माणसे भाजतात. तिथे गोड बोलत बसायला वेळ नसतो. आमच्याकडचे उत्तम मोल्डर (साचे बनवणारे कारागीर) वडिलांची बोलणी खाऊनच तयार झाले. माल परत आला की भुर्दंड मालकाला बसतो, त्याच्या झोपेची चौकशी कोणीही करत नाही.

कागलची लेखापाल: रस उसळताना ओरडणे आणि सोमवारी थंड डोक्याने माणसाला उभे करणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. माझ्या साहेबांनी तर कधी आवाजही चढवला नाही. बहिणीच्या लग्नासाठी मागितलेली रजा दीड महिना अडकवून त्यांनी आदल्या संध्याकाळी सही केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची (कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची) नोंद रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली. प्रशिक्षण साहेबांना द्यावे, हे मला महत्त्वाचे वाटते.

शिरोलीकर: धोक्याच्या वेळी गोड बोलत बसता येत नाही, हे कारखानदारांचे म्हणणे मान्य; तेव्हा ओरडण्याला माझी हरकत नाही. पण त्या सोमवारच्या मीटिंगांच्याच काळात ब्लोहोल (वायूमुळे धातूत राहिलेली पोकळी) पुट्टीने बुजवून वर रंग मारलेले एक कास्टिंग माझ्या हाती लागले. ते करणारा कारागीर पंधरा वर्षांचा अनुभवी होता. मी विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, “सोमवारी उभं राहण्यापेक्षा हे बरं वाटलं, साहेब.”

उद्यमनगरचा कारखानदार: पुट्टीचा प्रकार माझ्याकडेही दोनदा झाला आहे. दोन्ही वेळा मी त्या माणसालाच कामावरून काढले. त्याने तसे का केले, हे मात्र विचारले नव्हते.