मदत हवी आहे: कामांचं वेळापत्रक लावायला ओपन सोर्स टूल कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, माणसं ११. कुठलं काम कधी, हे आजवर भिंतीवरच्या बोर्डावर. परवा नव्या पोराने बोर्ड लख्ख पुसला आणि गेट पावडर कोटिंगला पाठवायची तारीखच गेली!

प्रोजेक्टलिब्रे लावून पाहिलं. गिऱ्हाइकाची एमपीपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची) फाइल उघडली, पण सगळं एकाच कॉम्प्युटरपुरतं. गँटप्रोजेक्ट सुटसुटीत, कटिंग लांबलं की त्याला जोडलेलं वेल्डिंग आपोआप पुढे सरकतं, हे झकास. ओपनप्रोजेक्ट ब्राउझरमध्ये सगळ्यांना दिसतं, पण त्याला सतत चालू राहणारा लिनक्स सर्व्हर लागतो. इथे लाइट कधी जाईल, नेम नाही.

४ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर ओपनप्रोजेक्ट कुणी चालवलंय का? सुपरवायझरला मोबाइलवर नुसतं बघता आलं तरी पुष्कळ.