एकच लन, पण सर्व्हरवर चार डिस्क दिसतात

प्रश्न: बुटीबोरीच्या युनिटमध्ये २ लिनक्स सर्व्हर, २ फायबर चॅनल स्विच (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे) आणि दोन कंट्रोलरचं स्टोरेज बसवतोय. ५०० जीबीचा एकच लन (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेली डिस्क) दिलाय, तरी सर्व्हरवर चार डिस्क दिसतात. आणि दोन्ही स्विच एकमेकांना जोडायचे का?

उत्तर १: चार दिसतात म्हणजे केबलिंग बरोबर आहे. सर्व्हरच्या एचबीएचे (फायबर चॅनल कार्डाचे) २ पोर्ट, एकेका स्विचला एकेक. प्रत्येक स्विचमधून दोन्ही कंट्रोलरकडे एकेक वाट. अशा चार वाटा झाल्या, डिस्क मात्र एकच. मल्टिपाथ (सगळ्या वाटा मिळून एकच डिस्क दाखवणारी लिनक्सची सोय) चालू करा आणि फॉरमॅट, माउंट सगळं मॅपरखालच्या (/dev/mapper मधल्या त्या एकत्रित डिस्कच्या) नावावरच करा. एसडीबी (एकाच वाटेने दिसणारी डिस्क) थेट माउंट केलंत, तर ती एक केबल निघाली की डेटाबेस आडवा.

स्विच मुळीच जोडू नका, भाऊ. जोडले की दोन्ही मिळून एकच फॅब्रिक (स्विचचं जाळं) होतं आणि झोनिंगमधली (कोणता पोर्ट कोणाला दिसेल हे ठरवणाऱ्या सेटिंगमधली) एक चूक दोन्हीकडे पोचते. मग दुसऱ्या स्विचचे पैसे वाया.

उत्तर २: झोन करताना एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट घ्या आणि सोबत त्या स्विचवरचे स्टोरेजचे पोर्ट. तुमच्याकडे २ सर्व्हर, म्हणून दर स्विचवर २ झोन. १६ अंकी डब्ल्यूडब्ल्यूएन (फायबर चॅनलमधला ओळख क्रमांक) टाकताना पोर्टचाच घ्या. नोडचा (पूर्ण उपकरणाचा) जवळपास तसाच दिसतो, बऱ्याचदा एखाद्या अंकाचाच फरक. झोन सेव्ह केला की काम झालं असं समजू नका, कॉन्फिग एनेबल करेपर्यंत काहीच बदलत नाही.

झोनमुळे सर्व्हरला स्टोरेज फक्त दिसतं. कोणता लन कोणाला, हे स्टोरेजवरच्या मास्किंगमध्ये ठरतं. एकच लन दोन्ही सर्व्हरना देऊन वर एक्सएफएस (एका वेळी एकाच सर्व्हरसाठीची फाइल सिस्टिम) माउंट केलंत तर फाइल सिस्टिम खराब होणारच; त्यासाठी क्लस्टर फाइल सिस्टिम लागते.

प्रश्नकर्ता: मल्टिपाथ चालू केलं. दोन वाटांची प्रायॉरिटी ५०, दोनची १०. काही बिघडलंय का?

उत्तर १: नाही. ५० वाल्या वाटा त्या लनचा मालक असलेल्या कंट्रोलरच्या, १० वाल्या दुसऱ्याच्या. आता कॉपी चालू ठेवून एका स्विचची वीज काढा. दोन वाटा फेल दिसल्या पाहिजेत, कॉपी थोडी अडखळून पुढे चालली पाहिजे.

उत्तर ३: स्विच रॅकमध्ये चढवण्याआधी पंख्यांची दिशा बघा. सर्व्हरची गरम हवा स्विच आत ओढत असेल, तर आपल्याकडच्या मे महिन्यात एसी जरा बंद पडला तरी एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे फायबरचे मॉड्यूल) तापतात. धुळीचंही तेच: फायबरचं टोक लावण्याआधी दर वेळी पुसा, रिकाम्या पोर्टांना टोप्या ठेवा. पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद) वाढत असतील तर आधी टोक साफ, मग केबल बदला, शेवटी एसएफपी. १६ जीला (१६ गिगाबिट वेगाला) ओएम३ प्रकारची फायबर केबल १०० मीटरपर्यंतच धरा.