जुनी विंडोज नव्याने जुळवलेल्या संगणकावर तशीच नेता येईल का? (डीटीपी कामासाठी सल्ला हवा)

नौपाडाकर

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यात माझे डीटीपीचे काम आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि संस्थांचे वार्षिक अहवाल यांची मांडणी करून देतो. जुना संगणक आता फारच रेंगाळतो, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रायझन प्रोसेसरचा नवा संगणक जुळवून घेतला आहे. त्यात १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डावर थेट बसणारी वेगवान डिस्क) आहे. जुन्यात २४० जीबीची साटा एसएसडी (केबलने जोडायची, जुन्या पद्धतीची), विंडोज १०, पेजमेकर ७ (पानांच्या मांडणीचा प्रोग्राम), डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला जोडून ठेवायच्या छोट्या उपकरणावर) चालणारी श्री-लिपी (मराठी टंकनाचे सॉफ्टवेअर) आणि अनेक वर्षे जमवलेले फॉन्ट आहेत. जुने ग्राहक त्याच फायलींत किरकोळ बदल करून मागतात, त्यामुळे त्या जशाच्या तशा उघडणे अत्यावश्यक आहे. सगळे नव्याने बसवण्याऐवजी आहे तीच विंडोज नव्या संगणकावर नेता येईल का, आणि नेताना कोणती काळजी घ्यावी?

ऐरोलीकर

नेता येते. विंडोज १० नवे हार्डवेअर दिसल्यावर पहिल्या सुरुवातीलाच बरेचसे ड्रायव्हर स्वतः जुळवून घेते. एक्सपीच्या काळात अशा बदलानंतर निळा पडदा (विंडोज बंद पडल्याची खूण) ठरलेलाच असे, तशी परिस्थिती आता राहिलेली नाही. मात्र आधी जुन्या संगणकावर काही गोष्टी पाहून येथे कळवावे.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ येथे सिस्टम ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे प्रथम पाहा. ३२ बिटची असेल तर स्थलांतराचा विचार सोडून द्यावा, कारण ती ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरत नाही आणि तिचे रूपांतर ६४ बिटमध्ये होत नाही. त्यानंतर ‘सिस्टम इन्फर्मेशन’च्या खिडकीत बायोस मोडसमोर ‘लेगसी’ (संगणक सुरू करण्याची जुनी पद्धत) आहे की ‘यूईएफआय’ (नवी पद्धत), ते पाहा. कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलआय’ या पर्यायासह दिली की परवाना रिटेल (वेगळा विकत घेतलेला) आहे की ओईएम (संगणकासोबत आलेला), ते कळते. ओईएम परवाना मूळ मदरबोर्डाशी बांधलेला असतो, तो नव्या संगणकावर नेता येत नाही. रिटेल नेता येतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का, तेही पाहा.

नौपाडाकर

आभारी आहे. ६४ बिट, लेगसी, रिटेल, आणि बिटलॉकर बंद आहे.

ऐरोलीकर

मग रस्ता मोकळा आहे. लेगसी याचा अर्थ आपली डिस्क एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे, तर नव्या मदरबोर्डाला यूईएफआय आणि जीपीटी (डिस्क विभागण्याची नवी पद्धत) अपेक्षित असते. हे रूपांतर करणारे ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाचे साधन मायक्रोसॉफ्टनेच विंडोजसोबत दिलेले आहे. ते जुन्या डिस्कवर चालवू नका. प्रतीवर चालवा, म्हणजे काही बिघडले तरी जुना संगणक दुसऱ्या दिवशी कामाला तयार राहील.

सुरुवातीला परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावा आणि नव्या मदरबोर्डाचे नेटवर्क व चिपसेट ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत, कारण नव्या लॅन किंवा वायफाय चिपचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नसला तर इंटरनेटही मिळत नाही आणि ड्रायव्हरही उतरवता येत नाही. मग जुनी एसएसडी नव्या संगणकाच्या साटा पोर्टला जोडून, क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून तिची प्रत एनव्हीएमईवर काढावी. कोणती डिस्क ‘स्रोत’ आणि कोणती ‘लक्ष्य’ हे क्षमतेवरून आणि मॉडेल क्रमांकावरून ताडून पाहा. येथे उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. हे काम यूपीएसवरच करावे.

प्रत झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क काढून ठेवावी, कारण दोन्ही डिस्कची ओळख आता एकच असते. त्यानंतर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून सुरू करून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि ‘एमबीआरटूजीपीटी’ आधी ‘व्हॅलिडेट’ (तपासणी), मग ‘कन्व्हर्ट’ (रूपांतर) या पर्यायाने चालवावे. पहिल्या सुरुवातीला ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश आला तर दुरुस्तीच्या पर्यायांतून एकदा सेफ मोडमध्ये जावे. एनव्हीएमईचा ड्रायव्हर त्यामुळे बहुतेक वेळा लागू होतो. शेवटी अॅक्टिव्हेशनच्या पानावरील ट्रबलशूटरमध्ये आपण अलीकडे हार्डवेअर बदलले असल्याचे सांगून परवाना पुन्हा चालू करून घ्यावा.

कळवा_पूर्व

माझे मत वेगळे आहे. इतक्या वर्षांची विंडोज म्हणजे जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर, काढून टाकलेल्या प्रोग्रामांचे अवशेष आणि रजिस्ट्रीतला पसारा. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या संगणकावर विंडोज ११ कोरी बसवावी, फॉन्टचे फोल्डर आणि फायली नेऊन ठेवाव्यात, आणि पेजमेकरसाठी जुना संगणक इंटरनेटशिवाय तसाच ठेवावा.

ऐरोलीकर

घरगुती वापराचा संगणक असता तर मीही हेच सुचवले असते. परंतु येथे मोल आहे ते मांडणीचे. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट अक्षरांचे सांकेतिक क्रमांक स्वतःच्या पद्धतीने वापरतात, आणि त्याच नावाची दुसरी आवृत्ती बसली तर जोडाक्षरे फुटतात, ओळी सरकतात, पाने पुढे जातात. ग्राहकाने मंजूर केलेल्या पत्रिकेत ‘श्री’च्या जागी भलतेच चिन्ह छापून आले तर पसारा कमी झाल्याचे समाधान काय कामाचे?

विंडोज ११ चा मुद्दा मात्र मान्य आहे. विंडोज १० चालती झाल्यावर, बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू करून, त्याच विंडोजवरून ११ वर अपग्रेड करता येते आणि बसवलेले प्रोग्राम टिकून राहतात. तत्पूर्वी डोंगल बनवणाऱ्यांकडून विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर मिळतो का, याची चौकशी करावी, कारण ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षा सोय चालू असताना जुने ड्रायव्हर अडवले जाऊ शकतात.

नौपाडाकर

दोघांचेही आभार. डोंगल यूएसबीचाच आहे, पॅरलल पोर्टचा नाही. प्रत काढल्यानंतर तपासणी कशी करावी?

ऐरोलीकर

एखादी जुनी, जोडाक्षरांनी भरलेली स्मरणिका दोन्ही संगणकांवर उघडून त्याच प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढावी आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरावेत. ओळीचा शेवट एका जरी ठिकाणी जुळला नाही, तर त्या पानातले फॉन्ट आणि प्रिंटर ड्रायव्हरची आवृत्ती तपासावी. हे जुळेपर्यंत ११ वर जाऊ नये आणि जुनी एसएसडी दुसऱ्या कामाला वापरू नये.