गुलशन कुमारवर पंधरा मिनिटं बोलायचंय, ज्यूसचं दुकान आणि खून सोडून काय सांगू?

वर्तकनगरकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत यंदा गणपतीत 'कॅसेटचा जमाना' अशी थीम घेतलीये, कमिटीने सगळ्यांना कामं वाटली आणि माझ्या गळ्यात भाषण मारलं, विषय टी-सीरीजवाले गुलशन कुमार. नेटवर बघितलं तर जिथे जावं तिथे त्याच दोन गोष्टी, दिल्लीत दर्यागंजला वडिलांचं ज्यूसचं दुकान होतं आणि १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत देवळाबाहेर त्यांना गोळ्या घातल्या. मधली सगळी वर्षं गायब! अरे पण या माणसाने नक्की केलं काय? माझे सासरे म्हणतात सरळ चोर होता, लताची-रफीची गाणी दुसऱ्यांकडून गाऊन घेऊन विकायचा. आमची आई म्हणते त्याच्यामुळे आपल्यासारख्यांच्या घरात गाणी आली. दोघंही समोरच बसणारेत त्यामुळे जपून बोलायला लागणार. मदत करा.

जांभळीनाका_जुना
भाऊ तुमच्या आईंचं आधी घ्या. मी कॉलेज करता करता स्टेशनजवळ एका कॅसेटच्या दुकानात काउंटरला बसायचो त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्याच्या आधी म्युझिक म्हणजे एचएमव्ही, आणि नंतर आलेलं पॉलिडोर, बस. रेकॉर्ड प्लेअर कुणाकडे, तर डॉक्टर वकिलाकडे. मग गल्फमधून येणारे लोक टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) घेऊन यायला लागले आणि हळूहळू चाळीत पण टेप आला, पण टेपवर लावायचं काय? कंपनीची कॅसेट महाग, तीपण हवी ती मिळेलच असं नाही. मग लोक काय करायचे, कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि दुकानदार भरून द्यायचा. हा धंदा कायदेशीर नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं पण सगळीकडे चालायचा.

गुलशन कुमारने नेमकं हेच हेरलं. ज्यूसनंतर त्यांनी रेकॉर्ड आणि कॅसेट विकायचं दुकान टाकलेलं, म्हणजे गिऱ्हाईक काय मागतं आणि कुठल्या किमतीला परत जातं हे त्यांना काउंटरवर उभं राहून कळलेलं. १९८३ ला सुपर कॅसेट्स म्हणून कंपनी, ब्रँड टी-सीरीज, पुढे नोएडाला कारखाना, कोऱ्या कॅसेट पण स्वतःच्या आणि भरलेल्या पण स्वतःच्या. मोठ्या कंपनीच्या जवळपास निम्म्या भावात माल! आणि विकायला फक्त म्युझिकचं दुकानच पाहिजे असं नाही, पानाची टपरी, किराणा, एसटी स्टँड, जिथे साबण आणि बिस्किटं पोचतात तिथे कॅसेट पोचली. हे त्यांचं खरं काम, बाकी सगळं यावर उभं आहे असं माझं मत.

महापे_नाईटशिफ्ट
वरच्या काकांच्या पोस्टला जोड देतो. आमच्याकडे एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये कॅसेट भरायचं काम चालायचं (नाव नको), वडील तिथे होते. लोकांना वाटतं एकेक कॅसेट टेपला लावून भरायचे, तसं नाही. मोठ्या चकतीसारख्या रिळावर सलग टेप असते, तिला पॅनकेक म्हणायचे, मास्टर खूप जास्त स्पीडने पळवून त्याच्यावर एकामागून एक तेच गाणं उतरवत जायचं आणि मग मशीन ती टेप कापून रिकाम्या डबीत गुंडाळतं. रेकॉर्ड छापायला जड प्रेस, साचे, मोठं भांडवल लागायचं, एचएमव्हीचा कारखाना कलकत्त्याला दमदमला होता तसला. कॅसेटला एक गाळा पुरतो! म्हणून तर गल्लोगल्ली कंपन्या निघाल्या आणि भीमगीतं, कोळीगीतं, जागरण-गोंधळ, शाहिरी, सगळ्यांना मार्केट मिळालं. प्रल्हाद शिंदे, आनंद-मिलिंद शिंदे यांच्या कॅसेट आमच्या वस्तीत जेवढ्या वाजल्या तेवढं सिनेमाचं काही वाजलं नसेल. ती लाट एकट्या गुलशन कुमारची नाही, पण एवढ्या स्वस्तात विकूनही धंदा होतो हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर दाखवलं त्यांनी.

नेरूळची_वकीलीणबाई
आता सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येते. "चोर" हा शब्द माइकवर वापरू नका आणि अगदी हिरोही करू नका 😄

सुरुवातीच्या काळात पायरसीचे आरोप प्रतिस्पर्धी कंपन्या करत होत्या हे खरं. पण ज्याला आपण व्हर्जन साँग म्हणतो ते वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(ज) इंग्रजीत जे, त्यात सोय होती की एखाद्या गाण्याची रेकॉर्ड मालकाच्या संमतीने एकदा निघाली असेल तर दुसरा कुणीही नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं नव्याने रेकॉर्ड करू शकतो, वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे रफीसाहेबांचं मूळ रेकॉर्डिंगच कॉपी केलं तर गुन्हा, पण चाल आणि शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून गाऊन घेतले तर कायद्यात बसतं. ही खिडकी आधीपासूनच उघडी होती, तिच्यातून एवढा मोठा ट्रक घालायचं गुलशन कुमारना सुचलं.

१९९४ ला कायदा बदलून मूळ रेकॉर्डिंगनंतर दोन वर्षं थांबायची अट आली. 'हम आपके हैं कौन'च्या वेळी तर एचएमव्हीची कंपनी आणि सुपर कॅसेट्स दिल्ली हायकोर्टात समोरासमोर आले, कारण व्हर्जनची कॅसेट त्याच नावाने बाजारात आलेली. कोर्टाचा रोख असा की पॅकिंग मूळ कॅसेटसारखं करून चालणार नाही आणि हा मूळ साउंडट्रॅक नाही, वेगळ्या कलाकारांचं व्हर्जन आहे हे वर ठळक छापा. म्हणजे तक्रार गाण्यापेक्षा वेष्टनाबद्दल जास्त होती, गिऱ्हाईक फसू नये म्हणून. २०१२ ला कायदा आणखी कडक झाला, आता ५ वर्षं थांबा आणि प्रत्येक गाण्यामागे दरवर्षी कमीत कमी ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरा. त्यामुळे तो जुना खेळ आज तसाच्या तसा करता येणार नाही.

वर्तकनगरकर
बाप रे, हे तर मला कुठेच सापडलं नव्हतं. ताई, कलमाचं सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले "कायद्यात बसलं म्हणून बरोबर होतं का?" 🙏 आता गायकांबद्दल कुणीतरी सांगा, तिथे मी अगदीच कोरा आहे.

पाचपाखाडी_मेलडी
सासऱ्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये. रेकॉर्डिंगमध्ये ज्यांनी जीव ओतला त्या मूळ गायकाला व्हर्जनमधून काय मिळालं, काहीच नाही. पण दुसरी बाजू पण आहे, याच व्हर्जनच्या कारखान्यात पुढची पिढी तयार झाली. कुमार सानू किशोरची गाणी गात होता, सोनू निगमची 'रफी की यादें' तर घरोघरी होती, बबला मेहता मुकेश गायचे. सोनूला आधी लोक रफीचा क्लोन म्हणायचे, मग 'बेवफा सनम' (१९९५, दिग्दर्शन खुद्द गुलशन कुमारचं, हिरो त्यांचा भाऊ किशन कुमार) मधलं गाणं रिक्षा-रिक्षात वाजलं आणि त्याचं स्वतःचं नाव झालं.

सिनेमाचं बघाल तर १९८८ ला 'कयामत से कयामत तक'चं म्युझिक टी-सीरीजकडे होतं, पण खरा स्फोट १९९० चा 'आशिकी'. हिरो हिरॉइन दोघंही नवीन, पोस्टरवर तर त्यांचे चेहरे जॅकेटखाली झाकलेले, सिनेमा विकला तो फक्त नदीम-श्रवणच्या गाण्यांनी. आधी गाणी बनवून ठेवायची आणि मग त्याच्यावर सिनेमा उभा करायचा, म्हणजे उलटी गंगा!

आणि आपल्या अनुराधा पौडवाल. आशिकी, दिल है के मानता नहीं, बेटा अशी सलग तीन फिल्मफेअर. मराठी लोकांनी हे लक्षात ठेवावं की 'कळत नकळत'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार त्याच्याही आधीचा, म्हणजे टी-सीरीजने त्यांना गायला शिकवलं नाही, त्या तयारच होत्या. पण पुढे त्या फक्त टी-सीरीजसाठीच गाणार असं ठरलं आणि माझ्या मते तिथे दोघांचंही नुकसान झालं. एका कंपनीची मक्तेदारी मोडायला आलेला माणूस शेवटी एकाच आवाजावर सगळा डाव लावून बसला, आणि बाहेरच्या संगीतकारांना त्या आवाजाची सवयच राहिली नाही. कुणाला पटणार नाही, चालेल.

कळवा_लोकल_८५२
भक्तिसंगीत विसरू नका राव, गणपतीत बोलताय ना! टी-सीरीजमधला टी म्हणजे त्रिशूळ असं सांगतात. वैष्णोदेवीला बाणगंगेला त्यांचा भंडारा आहे, आम्ही जेवलोय तिथे. आणि हरिहरनची हनुमान चालिसा, व्हिडिओत स्वतः गुलशन कुमार दिसतात, यूट्यूबवर ३ अब्जाच्या वर व्ह्यूज गेलेत. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी शनिवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये तीन घरांतून तीच ऐकू येते, एकाची थोडी पुढे एकाची थोडी मागे 😂

नेरूळची_वकीलीणबाई
खुनाबद्दल कुणी प्रेक्षकांतून विचारलं तर एवढंच बोला: २००२ ला सेशन्स कोर्टाने एकाला जन्मठेप दिली आणि बरेच जण सुटले, २०२१ ला मुंबई हायकोर्टाने ती जन्मठेप कायम ठेवली. "अमक्याने सुपारी दिली" वगैरे जे सगळे ठामपणे सांगतात ते भाषणात अजिबात नको.

जांभळीनाका_जुना
पाचपाखाडी साहेब, एका आवाजाचं तुमचं बरोबर असेल पण काउंटरवरून सांगतो, "गायलंय कुणी" हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दहात एखादं. बाकीचे येऊन आधी "कितीला" विचारायचे, मग "सगळी गाणी आहेत ना" विचारायचे आणि दोन घेऊन जायचे, एक घरी आणि एक गावाला पाठवायला. ज्याला लताबाईच हव्यात तो जास्त पैसे मोजून ओरिजिनल घ्यायचाच. ज्याने व्हर्जन घेतलं तो आधी काहीच घेत नव्हता. वर्तकनगरकर, सासऱ्यांना हे सांगून बघा, पटलं नाही तर गणपतीत माझ्याकडे पाठवा, जुने बिलबुक अजून ठेवलंय.